यवतमाळची जुनी जीन: एका वास्तूचा इतिहास

ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपल्याकडे किल्ला, मंदिर, मशीद, दर्गा किंवा एखाद्या देशमुखाची पडकी गढी एवढीच यादी तयार होते. यवतमाळ जिल्ह्याची माहिती देणारी कोणतीही पुस्तिका उघडा. कळंबचा चिंतामणी, वणीचा रंगनाथस्वामी, आर्णीचा बाबा कंबलपोश यांचा दर्गा ही नावे त्यात सापडतील आणि ती असायलाच हवीत. पण यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, घाटंजी, पांढरकवडा या गावांत गेल्या दीड शतकात सर्वांत मोठ्या आकाराची, सर्वांत उंच आणि सर्वांत जास्त माणसांना रोजी देणारी इमारत यांपैकी कोणतीच नव्हती. ती होती कापसाची जीन. तिच्या धुराड्याच्या अंदाजाने खेड्यातला गाडीवान गाव किती दूर राहिले ते ओळखायचा. त्या जीनवर मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे क्वचितच दिसते. व्यापाराची इमारत म्हणजे इतिहास नव्हे, असा काहीतरी समज आपल्या मनात घट्ट बसला आहे.

आधी या शब्दाचे पाहू. 'जीन' म्हटले की आपल्या घरांत पोरे वेगळाच अर्थ घेतात. बाटलीतून निघणारा, धुराचा देह असलेला जिन त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. कापसाच्या जीनचा त्याच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत यंत्राला जो 'इंजिन' शब्द आहे, त्याचेच ते तोडलेले रूप. आता अरबी भाषेकडे वळू. सरकीपासून रुई वेगळी करण्याच्या क्रियेला अरबीत 'हलज' म्हणतात आणि इजिप्तमध्ये जिनिंगच्या कारखान्याला आजही 'महलज' हाच शब्द आहे. हे काम करणारा तो 'हल्लाज'. 'अनल हक' म्हटल्याबद्दल ज्यांना इसवी सन ९२२ मध्ये बगदादला ठार मारण्यात आले, त्या हुसेन बिन मन्सूर यांचे हे उपनाव आपण सुफी परंपरेत एवढे ऐकले आहे की त्याचा मूळ अर्थ एका साध्या पेशाचा आहे हे लक्षातही राहत नाही. फरीदुद्दीन अत्तार यांनी 'तजकिरतुल औलिया'मध्ये या नावाची कथा दिली आहे. कापसाच्या कोठारापाशी मन्सूर यांनी नुसता इशारा केला आणि सरकी व रुई आपोआप वेगळ्या झाल्या, अशी ती कथा. तिच्या खरेखोटेपणाचा वाद बाजूला ठेवू. मला तिच्यात दिसते ते एवढेच की, सरकी आणि रुई वेगळी करणे हे हजार वर्षांपूर्वीही इतके कष्टाचे, इतके वेळखाऊ काम होते की ते क्षणात होणे ही करामत वाटावी. यवतमाळच्या जीनने हेच काम वाफेच्या बळावर केले आणि त्यासाठी एक खास इमारत उभी केली.

यंत्र येण्यापूर्वी हे काम घरोघरी चालायचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका लाटण्याने सरकी काढण्याचे साधन रंगवलेले आहे. पुढे दोन लाटांचा लाकडी रेचा आला. बाया तो अंगणात बसून फिरवत. सरकी निघाली की रुई पिंजाऱ्याकडे जायची. तो धनुकलीच्या तातीवर ठोके देऊन ती मोकळी करायचा, तिचे पेळू वळले जायचे आणि मग चरखा. भारतातला चरख्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आपल्याच दख्खनमध्ये सापडतो, हे फार थोड्यांना माहीत असते. इसामी यांनी १३५० साली बहमनी सुलतानासाठी लिहिलेल्या 'फुतूहुस्सलातीन' या फारसी काव्यात तो आहे. रजिया सुलतानाच्या कारभाराला नाके मुरडताना बाईने चरख्यापाशी बसावे असा सल्ला या कवीने दिला आहे. सल्ला वाईट, पण इतिहासाच्या कामाचा.

वऱ्हाडचा कापूस त्या काळी गावातच संपत नव्हता. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात बंजाऱ्यांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. वाटेत पाऊस, धूळ, नाल्यांचे उतार. पोचेपर्यंत कापसाची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईत अनेक सावकार बुडाले. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती आणि आता मागे वळणे नव्हते. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीवरून 'उमरा' म्हणू लागले. कापूस यवतमाळचा असो की वणीचा, तिथे तो 'उमरा'च. सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नावाचा स्वतंत्र अधिकारीच नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्यांतले गाजलेले नाव.

तेव्हा या जिल्ह्याचे नावही यवतमाळ नव्हते. १८६४ मध्ये वेगळा काढलेला हा भाग पुढे 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. मुख्य रेल्वेमार्ग जिल्ह्याला बाहेरूनच वळसा घालून गेला होता. यवतमाळचा माल २९ मैलांवरच्या धामणगाव स्टेशनाला बैलगाडीने जायचा. या २९ मैलांनीच इथल्या जीनची जागा आणि आकार ठरवला.

हिशेब साधा आहे. शंभर किलो कापूस जीनमध्ये घातला तर त्यातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते. बाकीची सरकी आणि थोडी घट. म्हणजे न रेचलेला कापूस गाडीत भरून दूरच्या स्टेशनाला नेणे म्हणजे दोन तृतीयांश ओझे सरकीचे वाहणे. रुई शेताच्या जवळच काढली तर तीन गाड्यांचे काम एका गाडीत होते. त्यात रुई सैल असली तर वजनाआधी जागा संपते, म्हणून ती दाबून गाठ बांधणारी प्रेसही हवी. मुंबईच्या बाजारातली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे अर्ध्या खंडीची. म्हणूनच नागपूर-मुंबईला मोठ्या कापड गिरण्या निघाल्या तरी जीन मात्र तिकडे गेली नाही. ती दारव्ह्यासारख्या, घाटंजीसारख्या लहान गावांत विखुरली. मोठ्या शहरातल्या श्रीमंतीने लहान गावात बांधलेली ही इमारत होती, असेही म्हणता येईल.

आता आत जाऊ. या जिल्ह्यातल्या जुन्या जीन एकाच नमुन्याच्या नाहीत, पण सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखा. भोवती उंच भिंत आणि बैलगाडी वळेल एवढे रुंद फाटक. फाटकाला लागून मुनीमजींची कचेरी. कौलारू पडवी, आत गादी, तक्क्या आणि वह्यांच्या चवडी. समोर वजनाचा काटा. पुढे मोकळे आवार, ज्यात हंगामात कापसाचे पांढरे ढीग लागत. आवार एवढे मोठे का, असा प्रश्न पडावा. कारण आग. कापसात आलेला एखादा खडा यंत्राच्या पात्यावर घासला तरी ठिणगी उडते आणि रुई भडकायला तेवढे पुरते. म्हणून कच्चा कापूस, रुई, सरकी आणि बॉयलर ही चार घरे एकमेकांपासून अंतर राखून बांधलेली. शोभेसाठी सोडलेली जागा इथे एक फूटही नाही.

मधली लांबलचक इमारत म्हणजे जीनघर. काळ्या दगडाचे जोते, चुन्यातल्या विटांच्या भिंती, वर लाकडी किंवा लोखंडी कैच्या आणि मंगलोरी कौले किंवा पन्हाळी पत्रा. या घराची खरी रचना जमिनीखाली असायची. यंत्रांच्या दोन रांगा उंच ओट्यावर आणि त्यांच्या मधून खाली, माणूस वाकून जाईल अशा बोगद्यासारख्या पोकळीत लांब लोखंडी शाफ्ट. एका टोकाला वाफेचे इंजिन तो शाफ्ट फिरवी आणि शाफ्टवरचे चामडी पट्टे एकेका यंत्राला गती देत. म्हणजे इमारत आधी आणि यंत्र मग, असे झालेले नाही. यंत्र जसे उभे राहणार तशीच इमारत बांधली गेली. इतकी सरळ, लांब आणि अरुंद ती का, याचे उत्तर त्या शाफ्टमध्ये आहे.

यंत्रे मुख्यतः विलायतेहून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून येत. मूळ कल्पना १८४० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मॅकार्थी यांची. चामडे लावलेला लाट फिरतो, रुईचे तंतू त्याला चिकटून स्थिर पात्याखालून पलीकडे ओढले जातात आणि दुसरे हलते पाते सरकीला ठोसे देऊन मागे पाडते. करवतीच्या दातांचे जे दुसरे यंत्र अमेरिकेत चालायचे, ते आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला मानवले नाही. लाटावरचे चामडे सुरुवातीला वॉलरस नावाच्या सागरी प्राण्याचे असे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मारलेल्या जनावराचे कातडे वणीच्या उन्हात कापूस ओढत होते! पुढे म्हशीच्या, क्रोम लावून कमावलेल्या चामड्याने त्याची जागा घेतली.

प्रेसघर याहून उंच, दुमजली. वरच्या मजल्यावर रुई पेटीत ओतायची, माणसांनी पायांनी तुडवायची आणि खालच्या मजल्यावर दाब देऊन लोखंडी पट्ट्यांनी गाठ आवळायची. जीनघराच्या बसक्या लांबीशेजारी हे घर मनोऱ्यासारखे दिसते. आणि या सगळ्यांच्या वर धुराडे. खाली चौकोनी चौथरा, वर निमुळते होत गेलेले विटांचे नळकांडे, मधेमधे लोखंडी कडी. गवंड्याने कडेला दोन-चार विटा पुढे काढून केलेली नक्षी हीच या इमारतीतली एकमेव हौस. मला ती फार आवडते. मालकाने तिचे पैसे दिले नसणार.

या वास्तूचा एक शिल्पकार कायदाही होता, आणि ही गोष्ट वास्तुकलेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. रुईत सरकी, माती, पाणी मिसळण्याच्या तक्रारी विलायतेपर्यंत गेल्या होत्या. १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्यानंतर बांधायच्या जीनघराला कच्चा कापूस आत नेण्याचे आणि रुई बाहेर काढण्याचे दरवाजे वेगळे ठेवणे बंधनकारक झाले. प्रेसघराची जमीन फरसबंद हवी असे ठरले. प्रत्येक गाठीवर कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक आला. तेव्हा एखाद्या जुन्या जीनघराला समोरासमोर दोन दरवाजे दिसले तर ती हवेची सोय समजू नये. छतापर्यंत गेलेली आडवी भिंत दिसली तर तिच्यामागेही कायदा असू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २७ व्या कलमाने प्रेसमध्ये कापूस मोकळा करणारे यंत्र चालते त्या भागात बायका आणि मुलांना कामाची मनाई केली होती. छतापर्यंत भिंत घालून यंत्राचे भरण्याचे तोंड अलग केले असेल, तरच त्या बाजूला त्यांना काम करता येई.

बायका तिथे होत्याच. ओट्यावर उभे राहून यंत्रात हाताने कापूस सरकवण्याचे काम मुख्यतः त्यांचे. दिवाळीच्या सुमारास भोंगा वाजू लागे, तो होळीच्या पुढे-मागे थांबे. त्या चार-पाच महिन्यांत दिवस-रात्र काम, नंतर सारे शांत. हंगामी कारखाना म्हणून कामगार कायद्यांच्या सवलतीही मालकाला, मजुराला नाहीत. हवेत उडणारी तूस नाकातोंडात जाऊन छाती भरते. तिला बिसिनोसिस असे वैद्यकीय नाव आहे, पण ज्या बाईला तो आजार जडला तिला ते नाव कोणी सांगितले नसेल. शेतमजुरी करणाऱ्या सर्व जातींच्या, त्यांत आपल्या मोहल्ल्यांतल्याही, बायका त्या ओट्यावर शेजारी शेजारी उभ्या असत. मशीद-मंदिर वेगळे आणि पाणवठेही वेगळे असलेल्या गावात हा ओटा एकच होता. याला सलोखा म्हणून मिरवण्याचे कारण नाही. मजुरीच्या दराने त्यांना तिथे एकत्र आणले होते. तरीही ती गोष्ट घडली होती आणि ती नोंदवायला हवी.

आपल्या समाजाचा आणि या इमारतीचा संबंध एवढ्यावर संपत नाही. तो थोडा गुंतागुंतीचा आहे. वऱ्हाडातल्या बाजारपेठांत बोहरा व्यापाऱ्यांची लोखंडी सामानाची दुकाने होती. बॉयलरपाशी आगवाला, शाफ्टपाशी फिटर, लाटेला चामडे बसवणारा मिस्त्री या हुनराच्या कामांत मुसलमान कारीगर सहज सापडत. हे झाले देणे. घेणे वेगळे होते. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी, धुनिया, बहना अशा नावांनी ओळखला जाणारा समाज शतकानुशतके कापसावर जगत आला. 'नद्दाफ' हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थच कापूस पिंजणारा. 'मन्सुरी' हे नाव हा समाज त्याच मन्सूर हल्लाज यांच्याशी जोडतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बहनांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

इथे एक काळजी घ्यायला हवी. जीनने पिंजाऱ्याचे काम थेट हिसकावले असे सरसकट म्हटले जाते, ते पूर्ण बरोबर नाही. जीनने हिसकावले ते रेचा फिरवणाऱ्या बाईचे काम. पिंजाऱ्याचे काम गिरणीच्या सुताने नेले. गिरणीचे स्वस्त सूत आल्यावर घरचा चरखा थांबला, चरखा थांबला तसा पेळू कोणाला नको झाला आणि पिंजाऱ्याकडे उरली ती गादी आणि रजई. पण हे सगळे एकाच साखळीतले दुवे होते. ज्या रेल्वेने जीनमधली गाठ बाहेर गेली त्याच रेल्वेने सुताचे बंडल आत आले. मधल्या साऱ्या हातांची गरजच संपली. मोमीन विणकरांचे जे झाले त्यावर बरेच लिहिले गेले आहे. पिंजारी मात्र दोन्ही इतिहासांच्या मधल्या फटीत पडला. विणकराइतका तो कवींना प्रिय नव्हता आणि गिरणी कामगारासारखी त्याची संघटनाही नव्हती.

शेतावर काय परिणाम झाला तेही थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय इमारतीचे वजन कळत नाही. या भागात पूर्वी 'बणी' नावाचा लांब आणि मऊ धाग्याचा देशी कापूस होता. हिंगणघाटच्या नावाने तो प्रसिद्ध होता. पण जीनवाल्याचा हिशेब धाग्याच्या मऊपणावर चालत नाही. शंभरातून रुई किती निघते यावर तो चालतो. जास्त रुई देणारे भरड वाण, विशेषतः 'रोझियम', झपाट्याने पसरले. जीनच्या आवारात वेगवेगळ्या शेतांची सरकी एकाच ढिगात मिसळली जाई आणि शेतकरी पेरणीला तिथूनच सरकी नेई, त्यामुळे शुद्ध वाण टिकणेही कठीण झाले. भरड कापसाला जपानी गिरण्यांचे गिऱ्हाईक होतेच. राल्ली, फोल्कार्ट या युरोपी पेढ्यांच्या जोडीला जपानी कंपन्याही वऱ्हाडात खरेदीला उतरल्या. लहान गावच्या मुनीमाला लिव्हरपूल आणि ओसाकाचे भाव तारेने कळत. शेतकऱ्याला ते कळत नसत. अडत्या आणि दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा करत आणि ज्याचा माल त्यालाच आकडा शेवटी ऐकू येई. या लुबाडणुकीला आवर घालायला वऱ्हाडातच पहिले पाऊल पडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. १८८६ मध्ये शेजारच्या कारंजात नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ इथे आहे.

१९१० नंतरच्या दशकात मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्ह्यामार्गे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे आली. किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक कंपनी. तीच आपली शकुंतला. माणसे नेण्याचे तिचे कौतुक खूप झाले. पण ती बांधली गेली गाठी नेण्यासाठी. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिले. धामणगावची गाडीवाट मागे पडली, यवतमाळ-दारव्ह्याच्या जीन आता स्टेशनाकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. गाठ इथून निघे ती मुंबईला, आधी कुलाब्याला आणि १९२० च्या दशकात कापसाचा बाजार हलल्यावर शिवडीकडच्या कॉटन ग्रीनला.

स्वातंत्र्यानंतर आधी तेलाची इंजिने आणि मग वीज आली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर लागली तसा तो जमिनीखालचा शाफ्ट निरुपयोगी झाला आणि धुराडे नुसते उभे राहिले. १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. खासगी खरेदी बंद, सगळा कापूस सरकारसाठी पणन महासंघाने घ्यायचा आणि जीन करारावर चालवायच्या. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. ज्या बंजारा समाजाच्या लमाणीचा धंदा रेल्वेने बसवला होता, त्याच समाजातला माणूस शंभर वर्षांनी वऱ्हाडच्या कापसाचा भाव ठरवायला बसला, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो. योजनेने पहिल्या वर्षांत शेतकऱ्याला आधार दिला, पुढे ग्रेडरची मर्जी, गाड्यांच्या रांगा आणि रखडलेले चुकारे यांनी ती बदनाम झाली. २००२ च्या सुमारास एकाधिकार व्यवहारात संपला. या तीस वर्षांत जीनमालकाला इमारतीवर पैसा घालावा असे कारण नव्हते. करार एका हंगामाचा, भिंत शंभर वर्षांची.

शेवटचा धक्का चांगल्या हेतूने बसला. २००० साली केंद्राने कापसाचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात जीनच्या आधुनिकीकरणाला अनुदान होते. कापूस माणसाचा हात न लागता नळ्यांतून यंत्रात जावा, आवार सिमेंटचे असावे, गाठ १७० किलोची आणि स्वच्छ असावी. हे सगळे योग्यच होते. छातीत तूस घेणाऱ्या बाईची बाजू घेणाऱ्याने जुन्या जीनबद्दल हळहळू नये, असे कोणी म्हटले तर माझ्याकडे उत्तर नाही. पण नवे कारखाने गावाबाहेर, महामार्गाच्या कडेला, तयार पत्र्याच्या सांगाड्यात उभे राहिले. गावातल्या जुन्या आवाराची किंमत आता जमिनीच्या चौरस फुटांत मोजली जाते. तिथे लेआउट पडतो, मंगल कार्यालय होते, दुकानांचा गाळा निघतो. सागाच्या कैच्या विकल्या जातात, विटा भरावाला जातात.

यासाठी फार मोठे काही करायला हवे असे नाही. आपल्या तालुक्याच्या जीनचे फाटक, त्यावरचे साल, धुराड्याची उंची, जीनघराच्या ओट्याची लांबी एवढे जरी कोणी मोजून लिहून ठेवले तरी चालेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना विषय मिळत नाहीत अशी तक्रार असते. एका जीनच्या वह्यांवर प्रबंध होऊ शकतो. आणि तिथे काम केलेल्या बुजुर्गांना, विशेषतः ओट्यावर उभ्या राहिलेल्या बायकांना, विचारले पाहिजे. त्या वह्यांत त्यांची नावे सापडली तर नशीब. बहुधा अंगठ्याचा ठसा सापडेल.

शकुंतला यवतमाळला येण्याची थांबली. तिच्या जागी वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रुंद मार्ग बांधला जात आहे आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. अकबराच्या काळी कळंब हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते आणि 'आईने अकबरी'त यवतमाळची नोंद 'योत लोहारा' या नावाने आहे. जिल्ह्याचा कापूस मात्र आता ट्रकने जातो. हिवाळ्यात मोहल्ल्यात पिंजारी येतो तो पेटीएवढे विजेचे यंत्र घेऊन. दहा मिनिटांत तो गादीची रुई मोकळी करून देतो, आणि धनुकली त्याच्या घरी भिंतीला टांगलेली असते.